थिर्झाबाईनं न दिलेला केक

एका गावात एक म्हातारी राहायची आणि तिच्या दारापुढं एक पडीक तुकडा होता. गाव आपल्याकडचं नव्हे, लांब तिकडं इंग्रजांच्या मुलखातलं. तेव्हा म्हातारी म्हटल्यावर नऊवारी डोळ्यापुढं आणू नका. घोळदार झगा, डोक्याला टोपडं आणि पायात लाकडी तळाचे बूट. तोंड मात्र आपल्याकडच्या म्हाताऱ्यांसारखंच. गावची गिरणी वारा पडला की थांबायची, हे तोंड तेवढ्यावर थांबत नसे. तिचं नाव थिर्झा.

गाव एवढंसं. बुटक्या टेकड्यांच्या मधे दडून बसलेलं. शेतांच्या कडेनं काटेरी झुडपांची कुंपणं, त्यामुळं टेकडीवरून बघितलं तर कुणी हिरव्या चिंध्यांची गोधडी वाळत घातलीय असं वाटायचं. एक डबकं, त्यात बदकं. एक चर्च, त्याचा मनोरा थोडासा कललेला. शेजारीच गुत्ता होता, तिथं काय चाललंय ते तो मनोरा कान देऊन ऐकतोय असं लोक म्हणायचे. आणि चिखल तर असा, की माणूस पुढं जायचा आणि बूट मागं राहायचा.

त्या गावातली झाडून सगळी घरं एका जमीनदाराची. जमीनदार शहरात, गावात त्याचा कारभारी. पण रिवाज फार जुना होता आणि तो जमीनदारालाही मोडता येत नसे. ज्याच्या दारापुढच्या तुकड्यात पीक उभं राहील, त्याचं घर त्याच्या हयातीपर्यंत त्याचं. तुकडा पडीक पडला, तर घर जमीनदाराकडं परत.

थिर्झाचा नवरा होता तोवर काळजी नव्हती. तो दरसाल दारापुढं घेवडा लावायचा. तिकडचा घेवडा आपल्यासारखा वेलावर नाही चढत, कंबरेएवढं झाड होतं, आणि दाणा अंगठ्याच्या नखाएवढा. ऐन थंडीत पेरायचा, वसंतात त्याला पांढरी फुलं येतात, प्रत्येक फुलाला काजळाचं बोट लावल्यासारखा काळा ठिपका. नवरा गेला आणि तुकड्यात गवत माजलं. गवताखाली मुळ्यांचं जाळं झालं. म्हातारीनं कुदळ घेऊन बघितली, तर जमिनीला काही झालं नाही, कुदळीचा दांडा मात्र मोडला.

एके दिवशी कारभारी घोड्यावरून आला. घोड्यावरून उतरला नाही, कारण उतरला असता तर बुटांना चिखल लागला असता. वरूनच म्हणाला की बाई, तुकडा पडीक दिसतोय. येत्या कापणीच्या सणापर्यंत इथं पीक उभं दिसलं नाही, तर घर खाली करावं लागेल. साहेबांच्या शिकारी कुत्र्यांना जागा कमी पडतेय, हे घर त्यांना बरं पडेल. भिंती जाड आहेत, कुत्र्यांना थंडी सोसत नाही.

थिर्झानं विचारलं, "आणि मला सोसते?"

कारभाऱ्यानं टोपीला हात लावला आणि घोडा वळवला.

म्हातारीनं दार लावलं आणि घराकडं बघितलं. चुलीवरचा भिंतीचा काळा पट्टा, नवऱ्याची खुर्ची, तिच्या पायाला त्यानंच ठोकलेली पाचर. तिनं ठरवलं, या घरातून आपण निघायचं ते आडवं होऊन. तोवर कुत्र्यांनी बाहेर भुंकावं.

बी तिच्याकडं होतं. नवऱ्यानं राखलेली घेवड्याची पिशवी आढ्याला टांगलेली होती. पेरायला हात होते. नव्हता तो नांगर, आणि नांगर ओढायला जोर.

मग ती मदत मागायला निघाली. पहिल्यांदा गेली जेथ्रोकडं. जेथ्रो म्हणजे गावचा म्होरक्या नांगऱ्या, मानेनं बैल आणि हसण्यानं गाढव. बापही नांगऱ्याच होता. जेथ्रो मनानं वाईट नव्हता. म्हणाला, "करू की मावशी, त्यात काय. तेवढी साहेबांची गव्हाची पेरणी उरकू दे." पेरणी उरकली. मग म्हणाला, तेवढी मेंढरं खाली आणू दे. मेंढरं खाली आली. मग म्हणाला, आता नाताळचा सण आलाय, तेवढा होऊ दे. लोहाराकडं गेली, तोही म्हणाला हो. गिरणीवाला म्हणाला हो. पाद्रीबाबा तर म्हणाले, हो हो, नक्की, मी प्रार्थनेत तुमचं नाव घेतोच आहे.

नाही कुणीच म्हणालं नाही, आणि तीच पंचाईत होती. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हो म्हणणाऱ्याचं काय करणार? म्हातारीजवळ गावभरचे हो गोळा झाले, आणि तुकड्यातलं गवत होतं तिथंच राहिलं.

नाताळ येऊन गेला. जमीन थंडीनं लोखंडासारखी झाली. एक दिवस थिर्झा शेजारणीकडं अंडी द्यायला गेली, तर शेजारीण पोट धरून हसत होती. गिरणीवाल्याची गेल्या साली कशी फजिती झाली ते आठवून तिला हसू येत होतं. त्याचं असं, त्या गावात नांगराच्या सोमवारचा एक रिवाज होता. सण संपून कामं सुरू व्हायच्या आधीचा तो सोमवार. त्या दिवशी गावचे सगळे नांगरे तोंडाला काजळी फासायचे, कोटावरून सदरे घालायचे, त्यांना रंगीत फिती लावायचे, आणि नांगराला दोर बांधून घोड्यांऐवजी स्वतःच ओढत दारोदार फिरायचे. त्यांच्यातला एक मिशाळ गडी बाईचा झगा घालून, हातात खराटा घेऊन पुढं नाचायचा. प्रत्येक घरानं त्यांना खायला काहीतरी द्यायचं, केक, मांस, घोटभर बिअर. आणि जे घर काही देणार नाही, त्याच्या उंबऱ्यापासून फाटकापर्यंत नांगर घालून अंगण उखडून ठेवायचं. ही शिक्षा. त्याबद्दल कुणी तक्रार करायची नाही.

गेल्या साली गिरणीवाल्यानं हात आखडला. मग काय, पहाटेपासून पाय ओढत फिरलेल्या गड्यांच्या अंगात वारं शिरलं. हसत, ओरडत, एकमेकांना ढकलत त्यांनी गिरणीचं अंगण असं उकरलं, की गिरणीवाल्याला आठवडाभर फळ्या टाकून घरात जावं लागलं. शेजारीण म्हणाली, आणि बघ ना थिर्झा, एरवी ह्या गड्यांना बादली उचल म्हटलं तर कंबर दुखते.

थिर्झा हसली नाही. ती अंडी हातातच घेऊन उभी राहिली. मग अंडी घेऊन तशीच घरी परत गेली, आणि शेजारीण बघतच राहिली. अंडी आता केकला लागणार होती.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारीनं दारापुढचे दगड वेचायला सुरुवात केली. थंडीत बोटं निळी पडायची, ती तोंडाजवळ नेऊन फुंकायची आणि पुन्हा वाकायची. जिथं दगड जमिनीत रुतलेला, तिथं उकळतं पाणी ओतून सोडवायची. रस्त्यानं जाणारे विचारायचे, मावशी, हे काय आरंभलंय? ती म्हणायची, पाहुणे येणार आहेत, त्यांचं काही मोडायला नको. लोक पुढं जाऊन कपाळाला बोट लावायचे.

दगड झाले, पण जमीन अजून गोठलेलीच. गोठलेल्या जमिनीत नांगर जात नाही, उलट उड्या मारतो. म्हातारी रोज बाहेर येऊन टाच आपटून बघायची. ठक वाजायचं. सोमवार जवळ आला तरी ठकच. ती आभाळाकडं बघून देवाशी बोलली, आणि काय बोलली ते पाद्रीबाबांनी ऐकलं नाही हेच बरं. पण सोमवारच्या आदल्या दिवशी वारा फिरला. पश्चिमेकडून ओला वारा सुटला, पागोळ्या गळायला लागल्या, डबक्यावरचा बर्फ तडकला आणि बदकं ओरडायला लागली. म्हातारीनं टाच आपटली, ती रुतली. तशी ती आत गेली, शेवटचं पीठ, होते नव्हते तेवढे मनुके आणि ती अंडी घेऊन केक करायला बसली. केक मोठा केला. तो द्यायचा नव्हता, आणि लहान केक दिला नाही तर माणसाला राग येत नाही.

सोमवारी सकाळी ढोल वाजवत गडी आले. मागं निम्मा गाव. नाचणाऱ्या मिशाळ बाईचा झगा चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला. दोराला जुंपलेले दहाबारा गडी, आणि नांगराच्या मुठीवर जेथ्रो.

थिर्झाच्या घराचं दार दोन तुकड्यांचं होतं. खालचं लावून वरचं तेवढं उघडता यायचं. तिनं वरचं उघडलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. कुणी काही मागायच्या आत म्हणाली, "काही मिळणार नाही."

आणि सगळं तिथंच फिसकटलं. कारण जेथ्रोला तिची दया आली. त्यानं दोर ओढणाऱ्यांना हात केला. म्हणाला, जाऊ द्या रे, एकटी बाई आहे, कारभाऱ्यानं घर सोडायला सांगितलंय, तिच्याकडं कसला आलाय केक. मावशी, तुला माफ. चला पुढं. आणि सगळे गडी आपण किती मोठ्या मनाचे आहोत अशा तोंडानं वळले. ढोल वाजायला लागला. नांगर फाटकापुढून निघाला.

म्हातारीनं हाताची घडी सोडली. एवढे महिने कुणी फावडं उचललं नाही, आणि आज नेमकी दया. कारण आजच्या दयेला काही करावं लागत नव्हतं, नुसतं पुढं चालायचं होतं.

ती आत गेली आणि केक घेऊन आली. तो खालच्या दारावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. सुरी घेतली, जाड तुकडा कापला, आणि रस्त्याकडं बघत खायला लागली. मनुक्यांचा वास ओल्या वाऱ्यावर थेट दोरापर्यंत गेला. एकेका गड्याची मान वळली.

"केक आहे," ती तोंड भरून म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

गड्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. मिशाळ बाई नाचत जवळ आली आणि हात पुढं केला. म्हातारीनं तिच्या बोटांवर लाकडी डाव हाणला. बघणारे हसले. तरी जेथ्रो समजुतीनं म्हणाला, अरे रागात आहे ती, दुःखानं माणसाचं असं होतं. राहू द्या. चला.

आता म्हातारीजवळ एकच गोष्ट उरली होती. ती बोलायची तिला इच्छा नव्हती, पण तिच्यामागं घर होतं आणि खुर्चीच्या पायाची पाचर होती.

"जेथ्रो," ती म्हणाली, "नांगऱ्यांना केक द्यायचा रिवाज आहे. तुझ्या बापाला मी दिला होता. त्यानं घातलेला तास बघून वाटायचं, दोरी लावून आखलाय. तू घालतोस तो तास बघून साप वाट चुकतो."

तास म्हणजे नांगराच्या फाळामागं पडत जाते ती लांब चर. नांगऱ्याला त्याच्या बायकोबद्दल बोललेलं एक वेळ चालेल, तासाबद्दल नाही. ढोल थांबला. काजळी फासलेली असूनही जेथ्रोचे कान लाल झालेले दिसले. त्यानं नांगर वळवला.

"फाटक उघडा," एवढंच तो बोलला.

गड्यांनी दोर खांद्यावर घेतले. उंबऱ्याला फाळ टेकवला, जेथ्रोनं अंगाचा भार मुठीवर टाकला, आणि गवताखालच्या मुळ्या करकरा तुटत गेल्या. उंबऱ्यापासून फाटकापर्यंत काळी माती उलथली. लोक कुंपणावर चढून ओरडायला लागले. नांगर फाटकाशी थांबला. जेथ्रोनं मान वळवून बघितलं.

रिवाज एका तासाचा होता. एका तासात कारभाऱ्याचं समाधान झालं नसतं.

म्हातारीनं मान तिरकी केली, एक डोळा मिटला. म्हणाली, फाटकाशी जरा डावीकडं गेलाय बघ. जेथ्रो म्हणाला, गेलेला नाही. ती म्हणाली, बरं, नसेल गेला, माझे डोळे म्हातारे. आणि केकचा दुसरा तुकडा कापला. हे 'नसेल गेला' जेथ्रोच्या जिव्हारी लागलं. त्यानं शेजारी दुसरा तास घातला. ती म्हणाली, हा सरळ आहे, पण खोल नाही, कोंबडीनं उकरल्यासारखा वाटतोय. त्यानं तिसरा घातला, असा खोल की ओढणाऱ्यांचे गुडघे टेकले. मग त्याच्या शेजारी पहिला उथळ दिसायला लागला, तो पुन्हा घालावा लागला. गडी घामानं निथळले, काजळी गळ्यापर्यंत ओघळली. बघणारे प्रत्येक तासाला म्हातारीकडं बघायचे आणि म्हातारी प्रत्येक तासाला खोड काढायची.

फक्त एक घोळ झाला. केक संपेपर्यंत ती बोलत राहू शकत होती. केक संपला की चिडवायला काही उरलं नसतं, दार लावून घ्यावं लागलं असतं, आणि अजून तर पलीकडची निम्मी पट्टी हिरवीच होती. म्हणून ती हळूहळू खायला लागली. मनुके मोजल्यासारखे एकेक उचलायला लागली. पोट तट्ट झालं. घास घशातून उतरेना. तिला मनातून कबूल करावं लागलं की केक मोठा करण्यात आपण जरा अतिच केलं. तरी ती चावत राहिली, डोळ्यात पाणी आलं तरी चावत राहिली, आणि लोकांना वाटलं म्हातारीला आपल्या अंगणाचं वाईट वाटून रडू येतंय. मिशाळ बाई तर हळहळून म्हणाली, जेथ्रो, आता पुरे.

"पुरे कशाला," म्हातारी भरल्या तोंडानं म्हणाली, "कुंपणाकडची पट्टी त्याच्या बापासाठी ठेवलीय का?"

कुंपणाकडची पट्टीही झाली. शेवटचा तास फाटकापाशी पोचला तेव्हा शेवटचा घास म्हातारीच्या तोंडात होता. जेथ्रो नांगरावर रेलून धापा टाकत होता. त्यानं विचारलं, "आता बोल."

म्हातारीनं समोर बघितलं. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत काळी, ओली, मोकळी माती. एकेक तास असा, की जणू आभाळातून कुणी कंगवा फिरवलाय. तिनं शेवटचा घास गिळला.

"बरा आहे," ती म्हणाली आणि दार लावलं.

दाराच्या आत ती नवऱ्याच्या खुर्चीत बसली, पोटावर दोन्ही हात ठेवले आणि आवाज न करता एवढी हसली की टोपडं सुटलं. गडी मात्र म्हातारीची चांगली खोड मोडली म्हणून गाणी म्हणत गुत्त्यावर गेले.

सकाळी ती पिशवी काढून तासातासानं घेवडा टोचत गेली. मागून थंडी परत आली आणि ढेकळं फुटून माती आणखी मऊ झाली. लोकांनी तिला वाकलेली बघितली आणि वाटलं, बिचारी जमीन सारखी करतेय.

मग थंडी सरली. टेकडीवर कोकरं आली, कुंपणं हिरवी झाली, आणि एक दिवस थिर्झाच्या दारापुढं रांगेनं हिरवे कोंब उभे राहिले. उंबऱ्यापासून फाटकापर्यंत, नांगराच्या तासांवरून, सगळे एका ओळीत. रस्त्यानं जाणारा पहिला माणूस थांबला. त्यानं कोंबांकडं बघितलं, मग घराकडं बघितलं, मग मांडीवर थाप मारली आणि कुंपणाला धरून खाली बसला. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. संध्याकाळी गुत्त्यात जेथ्रो शिरला तर कुणीतरी त्याच्यापुढं रिकामी बशी ठेवली आणि म्हणालं, केक घे.

सगळा वसंत हे चाललं. लोहार त्याला रस्त्यात अडवून विचारायचा, आमच्या परड्यात नांगर घालशील का, आम्हीपण तुला शिव्या देऊ. मेंढपाळ लांबून डोळा मिटून मान तिरकी करायचा. शेवटी एक दिवस जेथ्रो तावातावानं थिर्झाच्या फाटकाशी आला. मागं मेंढरांचा कळप होता. फाटक उघडून मेंढरं आत सोडायची, एवढंच डोक्यात होतं. घेवडा फुलला होता, पांढऱ्या फुलांचा गोड वास रस्त्यापर्यंत येत होता.

म्हातारी तण काढत होती. उठली नाही. मेंढरांकडं बघून सगळं समजली, तरी उठली नाही.

"मावशी, तू मला गंडवलंस," जेथ्रो म्हणाला.

"गंडवलं."

"नुसतं मागायचं होतंस."

"मागितलं होतं."

"मग मी हो म्हणालोच होतो की."

"म्हणालास ना. अख्खा गाव म्हणाला." म्हातारीनं हातातलं तण कुंपणापलीकडं टाकलं. "जेथ्रो, ते हो मी सगळे जपून ठेवलेत, पण ते पेरता येत नाहीत. इतके महिने मला हात द्यायला कुणाला सवड नव्हती. माझं अंगण उखडायचं म्हटल्यावर अख्खा गाव न्याहारी टाकून आला. मग मला जी सवड मिळाली, ती मी वापरली."

जेथ्रोचा हात फाटकाच्या कडीवर होता. मेंढरं मागून ढकलत होती. म्हातारीला माहीत होतं, ती कडी निघाली तर संपलं. एक बाई आणि एवढी मेंढरं, अडवणार कशी. पण तिनं हात जोडले नाहीत. ती त्याच्याकडं बघत राहिली.

जेथ्रो घेवड्याकडं बघत होता. रांगांकडं. एकही रांग कुठं वाकडी नव्हती.  मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "ते बापाचं तू बोललीस. साप वाट चुकतो ते. ते खरं होतं का?"

तेव्हा म्हातारी उठली. गुडघ्याला लागलेली माती झटकत फाटकापाशी आली.

"ते खोटं होतं," ती म्हणाली. "आणि ते बोलल्याचं मला आजवर वाईट वाटतंय, बाकी कशाचं नाही. तुझ्या बापाचा तास सरळ असायचा. पण फाटकाशी तो नेहमी जरा डावीकडं जायचा. तुझा जात नाही."

जेथ्रोनं कडीवरचा हात काढला. मेंढरांना शिवी घातली, ती मेंढरांना कशासाठी ते मेंढरांनाच माहीत, आणि त्यांना टेकडीकडं वळवलं. पण वळताना तो हसत होता, त्याचं ते गाढवासारखं हसू, आणि टेकडीवर पोचेपर्यंत ते खाली ऐकू येत होतं.

उन्हाळा गेला. शेंगा भरल्या, वाळून काळ्या झाल्या, वाऱ्यावर खुळखुळायला लागल्या. कापणीच्या सणाला सगळा गाव चर्चमधून बाहेर पडत असतानाच कारभारी घोड्यावरून आला. बरोबर दोन कुत्री, घर बघायला आणल्यासारखी. थिर्झाच्या फाटकाशी येऊन तो थबकला, मागोमाग गावही आला. पीक उभं होतं, आणि चांगलं उभं होतं.

कारभारी काही लगेच हार मानणारा नव्हता. त्यानं मोठ्यानं विचारलं, ही जमीन नांगरली कुणी? ह्या बाईकडं नांगर नाही, घोडा नाही. साहेबांचे घोडे परवानगीशिवाय कुणी जुंपले असतील, तर हे पीक साहेबांचं आणि घरही साहेबांचं.

 थिर्झानं तोंड उघडलं, पण तिच्या आधी जेथ्रो पुढं आला.

"घोडे नव्हते साहेब. आम्ही ओढला."

"तुम्ही? कशासाठी?"

आता हे सांगायचं म्हणजे सगळ्या गावासमोर, पाद्रीबाबांसमोर, शेजारच्या गावचे पाहुणे आलेले त्यांच्यासमोर आपली फजिती पुन्हा आपल्याच तोंडानं सांगायची. जेथ्रोनं टोपी काढली.

"शिक्षा म्हणून," तो म्हणाला. "मावशीनं केक दिला नाही."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. कारभाऱ्यालाही मजा वाटली. तो खोगिरावरून वाकून म्हणाला, म्हणजे ह्या म्हातारीनं तुम्हा सगळ्यांना गाढव बनवून नांगराला जुंपलं म्हणायचं?

"हो साहेब," जेथ्रो म्हणाला, "गाढवच. आता गाढवांनी नांगरलेलं चालणार नाही, असं रिवाजात कुठं आहे का, तेवढं सांगा."

गाव असा हसला की कुत्री भुंकायला लागली आणि घोडा बिथरला. कारभाऱ्याला उतरावं लागलं, आणि उतरल्यावर बुटांना चिखल लागला. रिवाजात तसं कुठंच नव्हतं. तो घोड्याचा लगाम धरून, बूट उचलत उचलत गेला तो गेला. कुत्र्यांची सोय पुढं त्याच्याच परसात झाली असं म्हणतात.

पुढच्या साली नांगराचा सोमवार आला. थिर्झानं पहाटेच उठून केक केले. एक नाही, टोपलीभर. वरचं दार उघडून वाट बघत बसली. ढोल वाजवत गडी सगळ्यात आधी तिच्याच दारी आले. तिनं टोपली पुढं केली, तर जेथ्रोनं दोन्ही हात मागं घेतले.

"आत ठेव," तो कुजबुजला. "आत्ता दिलास तर नांगरायचं कसं? आधी नाही म्हण."

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. मग टोपली आत ठेवली, हाताची घडी घातली, आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "काही मिळणार नाही. तुम्हाला केक दिला तर माझ्या कोंबड्या काय खातील?"

गड्यांनी आनंदानं आरोळी ठोकली आणि फाळ उंबऱ्याला टेकवला. सगळा तुकडा झाल्यावर टोपली बाहेर आली.

तेव्हापासून त्या गावात पद्धतच पडली. ज्या घरात नांगर धरायला कुणी नसेल, आजारी माणूस असेल, एकटी बाई असेल, त्या घरानं त्या सोमवारी दार लावून घ्यायचं आणि आतून ओरडायचं, काही देत नाही, निघा इथनं. कुणाला कुणापुढं हात पसरावा लागत नाही. गडीपण खूष, शिव्या खात नांगरतात. सगळ्यात कडक शिव्या देणाऱ्याचं शेत सगळ्यात खोल नांगरलं जातं, आणि पाद्रीबाबांनी म्हणे त्या एका दिवसासाठी कानांवर टोपी ओढायला सुरुवात केलीय.

आता तात्पर्य, नाहीतर म्हातारीनं एवढा केक उगाच खाल्ला असं व्हायचं.

तात्पर्य: लोकांना आपल्या मदतीला सवड नसते, पण आपली खोडी काढायला भरपूर असते, ज्याची जिद्द पक्की, तो त्याच सवडीला दोर बांधून आपलं शेत नांगरून घेतो, आणि मग केक सगळ्यांना वाटतो.